अर्धे यंत्र, अर्धी मालकी

टेलिफोनच्या तारेवरून चालणारे इंटरनेट आता इतिहासजमा झाले आहे. अमेरिकेत एओएल या कंपनीने ३० सप्टेंबर २०२५ रोजी आपली डायल-अप सेवा बंद केली, तेव्हा पुष्कळांना ती तोवर चालू होती याचेच नवल वाटले. आपल्याकडे तर खेड्यातील मुलाच्या हाती मोबाईल आल्यापासून घरातल्या तांब्याच्या तारेकडे कोणी वळून पाहत नाही. अशा वेळी मोडेमसारख्या मोडीत निघालेल्या यंत्राविषयी लिहिण्याचे प्रयोजन काय, असे वाचक विचारतील. प्रयोजन एवढेच की, त्या यंत्राच्या निमित्ताने जो वाद उभा राहिला त्याचा निकाल कधी लागलाच नाही. यंत्र गेले, वाद मागे उरला. आणि शाळेच्या मुख्याध्यापकापासून ग्रामपंचायतीच्या लिपिकापर्यंत सर्वांना तो आजही, नाव न कळता, भोवतो आहे.

मोडेम हा एक दुभाष्या. संगणकाची भाषा शून्य आणि एक या आकड्यांची. टेलिफोनची तार मात्र माणसाचा आवाज वाहण्यासाठी घातलेली. सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच स्वरपट्टा तिला मानवतो. आकड्यांचे त्या पट्ट्यात बसणाऱ्या स्वरांत रूपांतर करावयाचे आणि पलीकडून आलेल्या स्वरांतून खरखर व प्रतिध्वनी वजा करून पुन्हा आकडे वेचून काढावयाचे, हे काम गणिताचे आहे आणि गणित अवघड आहे. जुन्या मोडेममध्ये त्यासाठी स्वतंत्र चिप असे. १९८१ साली अमेरिकेतील हेज कंपनीने ‘स्मार्टमोडेम’ बाजारात आणला, तेव्हा त्याच्याशी बोलण्याची एक सोपी रीतही घालून दिली. संगणकाने ‘एटीडीटी’ ही अक्षरे आणि त्यापुढे नंबर पाठविला की मोडेम तो नंबर फिरवी. ही रीत उघड होती. इतर कंपन्यांनी ती बिनदिक्कत उचलली. त्यामुळे संगणकाच्या पाठीमागे वायरने जोडलेल्या मोडेमला आत विंडोज आहे की लिनक्स, याची पर्वा नसे.

१९९० नंतरच्या दशकाच्या मध्यावर चिप बनविणाऱ्या कंपन्यांच्या ध्यानात आले की, संगणकाचा मुख्य प्रोसेसर आता इतका वेगवान झाला आहे की मोडेमचे गणितही तोच उरकील. मग मोडेमला वेगळे डोके कशाला? काही कार्डांवर त्यांनी गणित करणारी चिप राहू दिली, पण तिच्यावरचा कारभारी काढून घेतला; काहींवरून दोन्ही काढली. उरला तो तारेशी सांधा जोडणारा भाग आणि स्वरांचे आकडे करणारा एक लहानसा तुकडा. बाकी सारा मोडेम एका आज्ञावलीत गेला आणि ती आज्ञावली केवळ विंडोजसाठी लिहिली गेली. ‘विनमोडेम’ हे वस्तुतः यू. एस. रोबोटिक्स या एका कंपनीचे व्यापारी नाव. परंतु वनस्पती तुपाला जसे आपण सरसकट डालडा म्हणू लागलो, तसे ते साऱ्या जातीला चिकटले. रॉकवेल (पुढे कोनेक्संट), ल्युसेंट, मोटोरोला, स्मार्टलिंक, पीसीटेल अशा अनेकांची अशी कार्डे बाजारात होती.

या कल्पनेत मुळात काही वावगे नव्हते, हे प्रथम मान्य केले पाहिजे. मोडेम स्वस्त झाला. बाहेरून जोडावयाचा पूर्ण मोडेम काही पटींनी महाग पडे. आत बसविण्याचे हे कार्ड संगणकाबरोबर जणू कोसरीवर मिळे. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी महानगरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, १९९८ च्या अखेरीस खाजगी कंपन्यांना या धंद्यात परवानगी मिळाली आणि १ ऑक्टोबर २००० रोजी भारत संचार निगम स्थापन झाले. या सर्व काळात मध्यमवर्गाच्या घरी जे इंटरनेट आले ते बहुतांशी याच स्वस्त कार्डाच्या बळावर. गणित चिपमध्ये असावे की आज्ञावलीत, हा अभियंत्यांचा प्रश्न आहे. आपला प्रश्न वेगळा आहे. यंत्राचा अर्धा भाग जर आज्ञावलीत गेला, तर ग्राहकाने विकत घेतले ते काय? लोखंड त्याच्या हाती आले. डोके मात्र कंपनीच्या कुलपात राहिले.

लिनक्स वापरणाऱ्याला हे कुलूप पहिल्याच दिवशी दिसे. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्सने सुरू केलेली ही कार्यप्रणाली आपल्याकडे छोट्या गावांत पोहोचली ती प्रामुख्याने ‘पीसीक्वेस्ट’सारख्या मासिकांसोबत येणाऱ्या सीडींतून. तिला मोल नव्हते, परवान्याची कटकट नव्हती, विषाणूंचा ताप नव्हता. सीडी घालावी, अर्ध्या-पाऊण तासात सारे काही बसे. पडदा उजळे, आवाज येई, आणि मोडेमपाशी गाडे अडे. संगणकाला कार्ड दिसे, बनविणाऱ्याचे नाव कळे, पण त्याच्याशी बोलावे कसे ते उमगत नसे. मग उपाय काय? त्या कार्डासाठी कोणी ड्रायव्हर तयार केला असल्यास तो इंटरनेटवरून उतरवून घ्या, आपल्या कर्नेलच्या नेमक्या आवृत्तीसाठी तो घडवा आणि बसवा. म्हणजे इंटरनेट मिळविण्यासाठी जी वस्तू हवी ती इंटरनेटवर! दोर विहिरीत पडलेला आणि पाणी काढायला दोरच हवा, अशी ही गत.

शहरातल्या माणसाला या कोंडीतून वाट होती. तो शेजारच्या सायबर कॅफेत जाई, फ्लॉपीवर ड्रायव्हर घेऊन येई. पुण्या-मुंबईत लिनक्सप्रेमींची मंडळे होती, तेथे कोणी जाणता भेटे. जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात असलेल्या जांब समर्थसारख्या गावी बसलेल्या शिक्षकाने काय करावे? गावातून तालुक्याला, तालुक्यावरून जालन्याला, आणि तेथेही दुकानदाराचे उत्तर ठरलेले: ‘त्यावर चालत नाही सर, विंडोज टाका.’ फ्लॉपी घेऊन परतावे, तर कर्नेलची आवृत्ती जुळत नाही म्हणून पुन्हा फेरा. नवी आवृत्ती उतरवून घ्यावी म्हटले तर हिशेब असा: ३३.६ किलोबिटच्या जोडणीवर सेकंदाला फार तर चार किलोबाइट येणार. ७०० मेगाबाइटची एक सीडी उतरवायला दोन दिवस आणि दोन रात्री लागणार. तेही वीज न जाता, तार न तुटता आणि कॉल सतत चालू ठेवून. मराठवाड्यातील भारनियमन ज्यांनी अनुभवले आहे त्यांना यातील विनोद समजावून सांगण्याची गरज नाही.

खेड्यातील तारही या जातीच्या मोडेमला धार्जिणी नव्हती. ५६ किलोबिटचा जो वेग डब्यावर छापलेला असे, तो १९९८ च्या व्ही.९० या आंतरराष्ट्रीय मानकाचा. एक्स्चेंजपासून पुढचा सारा मार्ग आकड्यांचा असेल आणि फक्त घरापर्यंतचा टप्पा जुन्या पद्धतीचा असेल, तरच तो मिळण्याची शक्यता. लांबलचक तार, जागोजागचे सांधे आणि पावसाळ्यातील ओल यांतून जे येई ते त्याच्या निम्म्याने आले तरी नशीब. त्यात मोडेमचे गणित मुख्य प्रोसेसरवर असल्याने, संगणक दुसऱ्या कामात गुंतला की जोडणी तुटे. वाईट तारेवर भक्कम मोडेम हवा. आणि जेथे तार सर्वांत वाईट तेथेच, स्वस्त म्हणून, सर्वांत अर्धवट मोडेम जाई.

या तारा गावोगाव पोहोचल्या त्या मात्र एका वेगळ्या वृत्तीच्या कामामुळे, याची येथे आठवण ठेवली पाहिजे. १९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी संस्थेने खेड्यांसाठी १२८ जोडण्यांचे छोटे एक्स्चेंज तयार केले. धूळ आणि ऊन सोसणारे, वातानुकूलनावाचून चालणारे. त्याचा आराखडा एकाच कारखान्याच्या कुलपात न ठेवता अनेक उत्पादकांना दिला गेला. तार आपल्या माणसांनी आपल्या हवामानाचा विचार करून आणली, आणि तिच्या टोकाला जोडलेले कार्ड असे की ज्याच्या पोटात काय आहे हे देशातल्या एकाही अभियंत्याला अधिकृतपणे पाहता येऊ नये.

जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. १६०८ साली ते तेथे जन्मले. भक्तीचा विषय बाजूला ठेवू; परंतु ज्या ग्रंथाचे पारायण त्या गावी होते, त्या दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे, ही गोष्ट या संदर्भात लक्षात घेण्याजोगी आहे. अक्षर कसे काढावे एवढेच सांगून ते थांबत नाहीत. बोरू, शाई, चाकू, कागद यांच्या सिद्धतेपर्यंत जातात. लिहिणाऱ्याला लेखणी तासता आली पाहिजे, हे तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी इतके उघड होते. आज आपण मुलाला लेखणी देतो आणि ती तासण्याचा चाकू कंपनीकडे ठेवतो.

जालन्याच्या माणसाला हा विषय बियाण्याच्या भाषेत अधिक लवकर समजेल. १९६४ साली महिकोची स्थापना जालन्यात झाली आणि संकरित बियाण्याचे गाव म्हणून या शहराचे नाव झाले. संकरित वाण दरसाल विकत घ्यावे लागते, घरचे बी ठेवून भागत नाही, हे शेतकऱ्याने हिशेब करून पत्करले, कारण उत्पन्न वाढले. परंतु ते बी त्याच्या स्वतःच्या रानात, त्याच्या स्वतःच्या पाभरीने पेरता येत होते. अमुक एका जमीनदाराच्या वावरातच उगवेन, असे म्हणणारे बी जालन्याच्या मोंढ्यात कोणी विकत घेतले नसते. विनमोडेम हे तसले बी होते आणि ते आपण सर्वांनी न विचारता विकत घेतले.

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. त्या म्हणत की, मोडेमच्या गणितावर अनेकांचे एकस्वाधिकार आहेत; शिवाय तारेवर किती जोराचा संदेश सोडावा याची परवानगी दूरसंचार खात्यांकडून घ्यावी लागते, आणि आज्ञावली कोणालाही बदलता आली तर ती हमी देणार कोण? दुसरा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. परंतु मोडेमचे गणित हे काही गुपित नव्हते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या मानकांत ते छापलेले आहे. फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रामरने, ज्याने पुढे एफएफएमपेग आणि क्यूएमू या आज जगभर वापरल्या जाणाऱ्या आज्ञावल्या सुरू केल्या, १९९९ च्या सुमारास ही मानके वाचून मुक्त परवान्याखाली एक आज्ञावली-मोडेम लिहावयास घेतला. गणित एकट्या माणसाच्या आवाक्यात आले. अडले ते कार्डापाशी; प्रत्येक कार्डाच्या चिपशी कोणत्या पत्त्यावर, कोणत्या क्रमाने बोलावे याची चार-दोन पाने कंपन्या देत नव्हत्या. म्हणजे अवघड होते ते खुले आणि क्षुल्लक होते ते बंद!

मग तडजोडी निघाल्या. ल्युसेंटच्या कार्डांसाठी एक ड्रायव्हर आला, त्याचे वरचे आवरण उघडे आणि आतला गाभा बंद. स्मार्टलिंकचेही तसेच. स्वयंसेवकांनी या बंद गाभ्यांभोवती वर्षानुवर्षे आवरणे शिवली. कर्नेल बदलला की पुन्हा शिवणकाम. कोनेक्संटच्या कार्डांसाठी लिनक्संट नावाची कॅनडातील कंपनी पुढे आली. तिचा ड्रायव्हर फुकट घेतला तर वेग १४.४ किलोबिटवर रोखलेला; पूर्ण वेग हवा तर पैसे मोजा. ग्राहकाने एकदा विकत घेतलेले यंत्र त्याला पुन्हा विकण्याचा हा प्रकार होता. याच कंपनीची २००४ मधील एक करामत तर सांगितलीच पाहिजे. लिनक्सचा कर्नेल आत येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला त्याचा परवाना विचारतो आणि तो मुक्त नसेल तर इशारा नोंदवितो. लिनक्संटच्या ड्रायव्हरने उत्तरात ‘जीपीएल’ ही मुक्त परवान्याची अक्षरे लिहिली, लगेच वाक्य संपल्याची अदृश्य खूण टाकली आणि तिच्यापुढे ‘फक्त अमुक फायलींपुरते’ अशा अर्थाची पुस्ती जोडली. खुणेपाशी थांबणाऱ्या कर्नेलला पहिली तीन अक्षरेच ऐकू आली. धर्मराजाचे ‘नरो वा कुंजरो वा’ द्रोणाचार्यांना असेच ऐकू गेले होते. इशाऱ्यांची गर्दी होऊन ग्राहक गोंधळू नयेत म्हणून आम्ही हे केले, असा खुलासा कंपनीने केला. रथ जमिनीला टेकला तो टेकलाच.

या तडजोडींचा शेवट कसा झाला ते पाहण्यासारखे आहे. ६४-बिटी संगणक आले आणि ३२-बिटी काळात घडविलेले बंद गाभे एकेक करून निकामी होत गेले. ज्यांच्याकडे मूळ लिखाण होते त्या कंपन्यांना आता त्यात रस नव्हता. काही विकल्या गेल्या, काहींनी धंदा बदलला. ज्यांना रस होता त्यांच्याकडे मूळ लिखाण नव्हते. कार्डे धडधाकट होती, तारा जिवंत होत्या, आणि तरी यंत्र मेले. त्याच काळातला बाहेरून जोडावयाचा सीरियल मोडेम, त्याची जुनी उघड भाषा बोलत, आजच्या लिनक्सवरही चालतो. खासगी सांकेतिक मांडणीच्या फॉन्टमध्ये ज्यांनी वर्षानुवर्षे मराठी टंकलेखन केले, त्या लिपिकांना हे दुःख नवे नाही. फाईल उघडते, अक्षरे मात्र भुताची दिसतात. कारण आपल्याच मजकुराची किल्ली दुसऱ्याच्या खिशात राहिलेली असते.

कायद्याने आपल्याला काहीच दिलेले नाही, असे कोणी समजू नये. स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ५२ मध्ये १९९९ च्या दुरुस्तीने एक पोटकलम घातले गेले. कायदेशीररीत्या आपल्याजवळ असलेली आज्ञावली दुसऱ्या, स्वतंत्रपणे लिहिलेल्या आज्ञावलीशी जुळवून घेण्यासाठी आवश्यक माहिती जर सहजी मिळत नसेल, तर ती काढून घेण्यासाठी करावी लागणारी कृती म्हणजे हक्कभंग नव्हे, असा त्याचा आशय आहे. कुलूप उघडून पाहण्याचा अधिकार संसदेने दिला. परंतु त्या कामाला लागणारे कौशल्य, सवड आणि पैसा जांबच्या शिक्षकाने आणावा कोठून? ज्या महाविद्यालयांनी हे काम विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून द्यावयाचे, तेथे प्रकल्प शहरातल्या दुकानांतून विकत मिळू लागले होते. (या धंद्यावर स्वतंत्र लेख होईल.)

महाराष्ट्रात खेडे आणि संगणक तारेने जोडण्याचा सर्वांत गाजलेला प्रयोग म्हणजे वारणेचा. १९९८ साली कोल्हापूर-सांगलीकडील वारणानगर परिसरातील सुमारे ७० गावांसाठी तो सुरू झाला. केंद्र, राज्य आणि सहकारी संस्था यांचा त्यात पैसा होता. गावागावांतील केंद्रांवर संगणक बसले आणि ते टेलिफोनच्या तारेने साखर कारखान्याच्या कार्यालयाशी जोडले गेले. शेतीची सारी माहिती शेतकऱ्याच्या दारी, अशी तेव्हाची भाषा. प्रत्यक्षात केंद्रे उपयोगी पडली ती उसाच्या नोंदी, खताची उचल आणि कारखान्याच्या हिशेबासाठी. ते काम काही कमी मोलाचे नव्हे. पण संगणकांची दुरुस्ती आणि देखभाल यांचे ओझे वाढत गेले, आणि २००६-०७ च्या सुमारास बंगळूरच्या संशोधकांनी काही गावांत संगणक हटवून त्याजागी साधा मोबाईल ठेवला. एसएमएसवर तीच माहिती शेतकऱ्याला मिळू लागली. हे संशोधक मायक्रोसॉफ्टच्या प्रयोगशाळेतील होते, यातील गंमत वाचकांच्या ध्यानी येईलच. गावाला पुरेल असे आणि गावात दुरुस्त होईल असे साधन निवडावे, हा विचार आधी सुचला असता तर किती खर्च वाचला असता!

शिक्षणाच्या बाबतीतही आपण वेगळे काही केले नाही. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि एमएस-सीआयटीने लाखो मराठी तरुणांची संगणकाची भीती घालविली. सरकारी नोकरीत लागलेल्या अनेक लिपिकांकडे ते प्रमाणपत्र आहे. त्याबद्दल ऋण मानूनही म्हणावे लागते की, सुरुवातीची कित्येक वर्षे त्या अभ्यासक्रमातील संगणक म्हणजे विंडोज आणि ऑफिस, असेच समीकरण होते. दुसरी कार्यप्रणाली असू शकते हेच ज्या पिढीला शिकविले गेले नाही, तिने दुकानात ‘हे लिनक्सवर चालेल का?’ असे कशाला विचारावे? आणि गिऱ्हाईक विचारीत नसेल तर कंपनीने चार पाने तरी कशाला छापावीत? केरळने त्याच २००१ साली सुरू केलेल्या ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्पात काही वर्षांतच शाळा पूर्णपणे मुक्त आज्ञावलीवर आणल्या. त्यामागे राज्यातील शिक्षकांचे प्रशिक्षित जाळे होते. एवढ्या मोठ्या प्रमाणावर खरेदी करणारा गिऱ्हाईक लिनक्सचे नाव घेतो, तेव्हा विक्रेत्याला ड्रायव्हर शोधावाच लागतो.

मोडेम गेला; त्याची भावंडे टेबलावर आहेत. कार्यालयातील स्वस्त लेझर प्रिंटर पाहा. पुष्कळ प्रिंटरांत पान मांडण्याची बुद्धीच नसते. ते काम विंडोजमधील ड्रायव्हर करतो. (मुक्त आज्ञावलीच्या चळवळीचा उगमच मुळी प्रिंटरपाशी आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीमध्ये रिचर्ड स्टॉलमनला झेरॉक्सच्या नव्या लेझर प्रिंटरची आज्ञावली पाहू दिली गेली नाही. कागद अडकल्याची सूचना सर्वांना देण्याची एक साधी सोय त्याला तीत घालावयाची होती. १९८३ साली त्याने जीएनयू प्रकल्प जाहीर केला.) वाय-फायची कार्डे, स्कॅनर, अंगठ्याचे ठसे घेणारी यंत्रे यांचेही तेच. यंत्राचा सांगाडा आपला, जीव कंपनीचा.

प्रश्न तातडीचा झाला आहे तो एका तारखेमुळे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित देखभाल मायक्रोसॉफ्टने थांबविली. पुढची आवृत्ती जुन्या संगणकांपैकी पुष्कळांवर बसत नाही. शाळांच्या प्रयोगशाळांतील धडधाकट संगणक केवळ या कारणाने भंगारात काढावयाचे की त्यांवर लिनक्स घालून आणखी काही वर्षे चालवावयाचे, हा निर्णय अनेक मुख्याध्यापकांपुढे आहे. लिनक्स आता मराठीत आहे, बसवायला सोपे आहे. पण शेजारचा प्रिंटर चालणार नसेल, वाय-फाय पकडणार नसेल, तर दुसऱ्याच दिवशी कोणी तरी म्हणणार, ‘ते नको, आपले जुने बरे.’ पंचवीस वर्षांपूर्वी मोडेमने हेच केले. लिनक्स हरले ते त्याच्या उणिवेने नव्हे. चार पाने माहिती कोणी दिली नाही म्हणून.

केंद्र सरकारने २०१५ साली शासकीय कामकाजात मुक्तस्रोत आज्ञावलीला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. त्यात भर आहे तो आज्ञावलीवर. यंत्र विकत घेताना त्याचे ड्रायव्हर मुक्त आहेत काय, हा प्रश्न निविदेत विचारला जात नसेल, तर त्या धोरणाची अंमलबजावणी करणारा लिपिक बिचारा अडकतो. आज्ञावली मुक्त मागा असे वरून सांगितले जाते, आणि खाली आलेले यंत्र तिच्याशी बोलत नाही. जिल्हा परिषदेने, शिक्षण विभागाने आणि संस्थाचालकांनी खरेदीच्या अटींत एवढेच लिहावे की, संगणक, प्रिंटर, स्कॅनर आणि वाय-फाय ही सर्व यंत्रे कर्नेलमध्ये आधीपासून असलेल्या किंवा मूळ लिखाणासह दिलेल्या ड्रायव्हरवर चालली पाहिजेत. बिल मंजूर करण्यापूर्वी विक्रेत्याने शाळेत येऊन, लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करून, मुख्याध्यापकांसमोर मराठीतील एक पान छापून आणि वाय-फाय जोडून दाखवावे. या तपासणीला अर्धा तास लागतो. तिला तंत्रज्ञ लागत नाही, शाळेतला कोणताही शिक्षक ती करून घेऊ शकतो.